झेला माझ्या हातात हवा होता

अब्बासभाई, तुमच्या दारात मी शेवटचा आलो तो खांद्यावर गळाची काठी टाकून. अंगात मासळीच्या वासाचा जुना सदरा, पिशवीत मेणाचा गोळा, कात्री आणि दोन भाकऱ्या. तुमच्या अंगणात टोप्या घातलेली चाळीस-पन्नास माणसं उभी होती. मला वाटलं, मोठा मासा लागलाय आणि तो बघायला मोहल्ला लोटलाय. काठीचं टोक कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून ते वर धरून मी "सरका हो, जरा सरका" करत पुढे घुसलो. एवढंच नाही, एका म्हाताऱ्याला विचारलंसुद्धा, "केवढा आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. मग मला ओटीवरचा जनाजा दिसला.

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आणि त्यातल्या बहुतेकाच्या गोष्टी करून लग्नामुंजीत सांगितल्या. पण ही गोष्ट ऐकून कोण हसणार? हसला असता असा एकच माणूस होता, आणि तो पांढऱ्या कापडात होता. तुम्ही असतात तर गुडघ्यावर थाप मारून म्हणाला असतात, "वा मास्तर! मयताला काठी! मग मासा उचलायचा झेला पण आणायचा होता."

काठी कुठे ठेवावी ते मला कळेना. खाली टाकावी तर कुणाच्या पायात येईल, आणि धरून उभं राहावं तर भालदारासारखा दिसेन. तेवढ्यात आतून, पडद्यामागून, भाभींचा आवाज आला. घसा बसलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मास्तर आले काय? त्यांना सांगा, काठी बाहेर नको. आत भिंतीला लावा. त्यांच्या काठीच्या बाजूला."

तुमच्या मुलानं, सलीमनं, माझ्या हातातून काठी घेतली. लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तशी, हळूच.

निरोपाची आपली पद्धतच तशी होती, असं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगतोय. खाडीत जिताडा मासा दिसला की तुम्ही मुरुडहून सुटणाऱ्या यष्टीच्या कंडक्टरला सांगायचात, आणि तो आमच्या नाक्यावर, शाळेसमोर, दारातून वाकून ओरडायचा, "मास्तर, शिंपीभाईंनी लवकर या म्हणून सांगितलंय!" कशाला, ते सांगायची इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती. त्या दिवशी दहाच्या मोटारीवरून तो तेच ओरडला. देवदिवाळी चार दिवसांवर आली होती. हंगामाचं शेवटचं उधाण. मी हेडमास्तरांकडे जाऊन पोट धरलं, रजा मिळवली आणि वर्गाला पाढे लिहायला लावून घरी पळालो.

अकराची मोटार मला सहज मिळाली असती. पण मी काठीच्या चरखीला तेल दिलं. सदरा शोधला. मेण सापडेना म्हणून देवघरापर्यंत सगळं उलथंपालथं केलं. अकराची गेली, मी दोनची धरली. तुम्ही साडेबाराला गेलात. सलीम म्हणाला, "छातीत कळ होती. सारखे विचारत होते, मास्तर आले काय? मी म्हणत होतो, येतायत, येतायत."

मेणाच्या एका गोळ्यापायी मी तुम्हांला भेटलो नाही, अब्बासभाई. आणि मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची होती. तीन वर्षं सांगायची होती. अर्धं मिनिट पुरलं असतं. आता हे कागद पुरतात का बघतो.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो कोटाचा खिसा उसवला म्हणून. संस्थान विलीन होऊन वर्ष झालं होतं. दरबारच्या पोशाखांची कामं बंद झाली होती आणि तुम्ही दुकानाच्या ओटीवर मशीन टाकून लेंगे शिवत होतात. म्हणजे मला वाटलं लेंगे. जवळ येऊन पाहतो तर मशीनच्या पायाखाली कापड नव्हतंच. तिथे एक मोठा गळ दाबून बसवलेला, आणि तुम्ही त्याच्या दांड्यावर लाल रेशमानं कोंबड्याचं पांढरं पीस बांधत होतात.

"हे काय शिवताय?" मी विचारलं.

"माशाचा कोट," वर न बघता तुम्ही म्हणालात. "तुमचा ठेवा तिथं. आधी त्याचा."

मग ती साहेबाच्या कोटाची हकिकत. संस्थानात शिकारीला आलेल्या कुणा साहेबाचा कोट तुमच्याकडे दुरुस्तीला आला होता. त्याच्या कॉलरला पिसांनी मढवलेला एक बारकासा गळ टोचलेला. साहेबानं हातवारे करून सांगितलं की त्याच्या मुलुखात डोंगरातल्या थंडगार ओढ्यांत ट्राऊट नावाचा मासा असतो, तो ही खोटी माशी खरी समजून गिळतो. हंगाम संपत आला, पाणी गार पडलं, की गावातले पाचसहा जण मिळून जातात म्हणे. कोट दुपारी परत द्यायचा होता. तेवढ्या वेळात तुम्ही तो गळ वेढा न् वेढा उलगडून पाहिलात, पुन्हा जसाच्या तसा बांधलात आणि कॉलरला टोचून दिलात. साहेबाला पत्ता लागला नाही. तुमचं या विद्येतलं सगळं शिक्षण ते एका दुपारचं. मी ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढली, तिथे काय शिकलो ते अजून आठवतोय.

आपल्याकडे ट्राऊट कुठला! तुम्ही त्या माशीची बोटाएवढी बोय केलीत, जिताड्याला आवडते तशी बारकी मासळी. कोंबड्याच्या मानेची पिसं, लाल रेशमाचा गळा आणि पोटाला चमक यावी म्हणून जर. जरीसाठी मी माझ्या बायकोच्या, तुमच्या वहिनीच्या, लग्नातल्या शालूचा फाटका काठ तिला न विचारता कापून आणला होता. तिला कळलं तेव्हा ती तडक तुमच्या दुकानात आली. तुम्ही उभे राहिलात. ती म्हणाली, "भाई, माझा शालू माशांना नेसवताय होय?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, पयला मासा तुमचा." आणि खरंच तो तिच्या हातात आणून दिलात. तेव्हापासून उरलेला काठ तिनंच वीतवीत कापून पाठवला.

मग मंडळ झालं. पाटी नाही, वर्गणी नाही. तुम्ही, मी, दवाखान्यातले नारायणराव कंपाउंडर आणि पांडू तांडेल. तांडेल म्हणजे कोळीवाड्यातलं जाणतं माणूस, ज्यानं आयुष्यभर जाळ्यानं मासे काढले. तो पहिल्यांदा धक्क्यावर आला तो आपली चेष्टा करायला. "काय रं पिसवाल्यांनू, मासा पिसं खातो व्हय? उद्या त्याला अंडी घाला." तासाभरानं तुमच्या पिसावर सात रतलांचा जिताडा आला, आणि दुसऱ्या रविवारी तो काठी घेऊन हजर. मासळीतलं खरं कळणारा तो एकटाच, म्हणून तोच पंच.

पंच लागायचा, कारण मंडळाला कायदा होता. मुंबईहून गळाला लावायची नायलॉनची दोरी, तंगूस, यायला लागली तेव्हा तुम्हीच तो केलात. सुती दोरीची गाठ कशीही मारा, धरते. तंगूस गुळगुळीत, तिला पाच वेढे द्यायचे, मग थुंकी लावायची, मग हळूहळू आवळायची. "सुकी खेचली तर जळते, मास्तर. वरून चांगली दिसते, आतून गेलेली असते." मासा सुटला की तंगूसचं टोक तांडेलाच्या हातात द्यायचं. टोक खरबरीत असलं तर खडकाला घासली, कुणाचा दोष नाही. सरळ कापलेलं असलं तर कल्ल्याच्या धारेनं कापली, नशीब. पण टोक कुरळं वळलेलं असलं तर गाठ सुटली. आणि ज्याची गाठ सुटली त्यानं पुढचा सबंध हंगाम काठी धरायची नाही. झेला धरायचा. आंबे काढायचा जाळीचा झेला आपण मासा उचलायला वापरत होतो. लांब बांबू, टोकाला जाळी. नारळी पौर्णिमेपासून देवदिवाळीपर्यंत दुसऱ्यांचे मासे उचलायचे आणि "शाबास" म्हणायचं. कायदा तुमचा, आणि कडक.

आपला एक वाद तर तसाच राहिला. जिताडा पिसावर येतो तो भुकेनं की रागानं? मी म्हणायचो भुकेनं. तुम्ही म्हणायचात रागानं. "पोट फाटेस्तोवर कोळंबी खाल्लेला मासा पण झडप घालतो, मास्तर. त्याला वाटतं, माझ्या पाण्यात हा कोण चमकतोय?" मी पुस्तकातले दाखले द्यायचो. तुम्ही माशाचं पोट फाडून दाखवायचात, भरलेलं. पुढच्या रविवारी मी रिकामं दाखवायचो. नारायणराव म्हणायचे, "तुम्ही दोघं भांडता ते कशानं, ते आधी ठरवा."

तुम्हांला राग कसा येत नव्हता, अब्बासभाई? माशाचा राग ओळखणाऱ्या माणसाला? मला तो हवा होता.

तीन वर्षांपूर्वीची देवदिवाळी. दुपारी ओहोटी लागली होती, पाणी तिवरांच्या झाडीतून ओढ घेत बाहेर पडत होतं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा सलीम ओवून द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गळाची गाठ तोवर तुम्ही तुमचीच मारत होतात. त्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ सरकलात आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालात, "मास्तर, जरा गाठ मारून द्या. आज उजेड बरा नाय."

लख्ख दुपार होती.

मी पीस घेतलं, तंगूस घेतली. आणि तोंडानं माझं चाललं होतं. नारायणरावांना गोष्ट सांगत होतो, लग्नानंतर पहिल्यांदा म्हसळ्याला सासुरवाडीला गेलो तेव्हाची. ओटीवर बसलेल्या न्हाव्याला मी सासरे समजलो आणि वाकून नमस्कार केला, ती. वाकायच्या जागेपर्यंत आलो होतो. तिथे दोन्ही हात लागतात. म्हणून तीनच वेढे दिले, थुंकी लावली नाही, आणि सुकी खेचली. तुमच्या हातात पीस दिलं आणि नमस्कार करून दाखवला.

तिसऱ्या फेकीला तो आला. तसा मासा आपल्यापैकी कुणी त्याआधी पाहिला नव्हता. पाण्याबाहेर सबंध आला, तोंड उघडून मान झटकली, आणि त्या कल्ल्यांचा खडखडाट धक्क्यापर्यंत ऐकू आला. तांडेल ओरडला, "सोड! ढील दे, ढील!" तुम्ही ढील देत होतात. तुमचा चेहरा मला आठवतो. डोळे मिटलेले. बघायचं सोडून तुम्ही तो मासा हातांनी ऐकत होतात. दहाएक मिनिटं. मासा वळला, दमला, कडेला यायला लागला. नारायणराव झेला घेऊन पायरीवर उतरले. आणि काठी सरळ झाली.

तुम्ही चरखी गुंडाळलीत. टोक हातात आलं, तेव्हा ते दोन बोटांत धरून चाचपलंत. नुसता हात फिरवून कापडाचा पोत सांगणारी तुमची बोटं. टोक कुरळं होतं. तुमची मान माझ्याकडे वळली. तुम्हांला मी दिसत नव्हतो, एक धुरकट आकार दिसत असेन, पण वळली ती माझ्याकडेच.

तांडेलानं टोक पाहिलं. "गाठ सुटली हाय," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. "अब्बासभाय, तुमची गाठ? कदी झालं न्हाय असं."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"माझीच," तुम्ही म्हणालात. "काठी माझी, गाठ माझी. डोळे गेले तांडेल, आता काय करायचा." आणि लगेच, तोच हसरा आवाज काढून, "मास्तर, तुमची गोष्ट अर्धी रायली. न्हाव्याच्या पाया पडलात. मग?"

आणि मी सांगितली, अब्बासभाई. उरलेली गोष्ट सांगितली. न्हाव्यानं मला तोंड भरून आशीर्वाद कसा दिला, सासरे मागून कसे आले, सगळं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही.

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला ठाऊक होतं. मीच तुमच्याबरोबर गेलो होतो ना. "वर्षभर दिसेल तेवढं दिसेल, मग ऑपरेशन करू, पुढचं सांगता येत नाही." म्हणजे तुमच्या डोळ्यांना एकच हंगाम उरला होता. तो तुम्ही झेला धरून काढलात. मी काठी धरून काढला.

त्या हंगामात भाद्रपदात मला जिताडा लागला. तुम्ही पायरीवर गुडघाभर पाण्यात उतरलात. मासा दिसत नव्हताच. पाण्याच्या सळसळीवर अंदाज धरून झेला खाली घातलात आणि एका झटक्यात वर काढलात. "शाबास मास्तर! केवढा आहे, केवढा आहे?" करत जाळीवरून हात फिरवत होतात. तो तुमचा प्रश्न, बघा. मी तुमच्या अंगणात विचारला तो.

तेव्हा मी बोलायला गेलो. "अब्बासभाई, त्या दिवशीची ती गाठ..."

"मास्तर, काठी बघा. ती घसरतेय."

काठी घसरत नव्हती. पण मी बघितली. मला बघायला सांगितलंत म्हणून उपकारच वाटले.

पुढे ऑपरेशन झालं आणि नजर फारशी परतली नाही. तुम्ही पुन्हा काठी घेतली नाहीत. धक्क्यावर येऊन बसायचात, चहाची किटली सांभाळायचात, आवाजावरून कुणाची फेक कशी पडली ते सांगायचात. पिसं मात्र बांधत राहिलात, निव्वळ बोटांनी. आणि मला देताना त्यांना वीतभर तंगूस आधीच बांधलेली असायची, दुसऱ्या टोकाला फास. मी फक्त फासातून फास ओवायचा. नारायणरावांना नुसतं पीस, तांडेलाला नुसतं पीस, मला तयार. मी याचीही गोष्ट केली होती. सगळीकडे सांगायचो, "मंडळात माझा मान मोठा, मला शिवलेला कोट मिळतो, बाकीच्यांना नुसतं कापड." इतका मठ्ठ माणूस मास्तर कसा झाला, असं तुम्ही भाभींना कधीतरी म्हणाला असाल. म्हणाला असाल तर बरं वाटेल.

आणि ती दुसरी गोष्ट. ती मी सगळ्यांत जास्त सांगितली. कुलाबा जिल्ह्यात गाठीत ज्याचा हात धरणारा कुणी नाही अशा शिंप्याची गाठ कशी सुटली, आणि कायदा करणाराच कायद्यात कसा सापडला. बारशात सांगितली, साखरपुड्यात सांगितली. दर वेळी मासा दोन रतलांनी वाढायचा. माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही आला होतात. सलीमचा हात धरून मांडवात बसला होतात, नवी टोपी घालून. जेवणं झाल्यावर व्याही म्हणाले, काहीतरी सांगा मास्तर. मी दुसरंच काही काढणार होतो. तर तुम्ही तिकडून म्हणालात, "ती सांगा ना, माझ्या गाठीची."

मी सांगितली. तुम्हांला समोर बसवून सांगितली. व्याह्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तुम्ही मधे मधे भर घालत होतात. "डोळे गेले, पण ऐट नाय गेली हो," असं म्हणालात आणि मांडव पुन्हा हसला. माझी बायको पानांचं तबक घेऊन उभी होती. ती हसली नाही. तेव्हा वाटलं, दमली असेल.

का केलंत असं? मी पुष्कळ विचार केला. मला पुढचा हंगाम मिळावा म्हणून? मास्तरची चारचौघांत फजिती होऊ नये म्हणून? का तुम्हांला ती गाठ मागायचीच लाज वाटली होती, आणि गाठ माझी म्हटलं असतं तर आपल्याला ती मागावी लागली हे धक्क्यावर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून? हे शेवटचं कारण असतं तर मी जरा सुटलो असतो. पण ते विचारायला तुम्ही हवेत. आणि तेवढ्याचसाठी मी शोधतोय का हे कारण, असंही वाटतं. स्वतःवर विनोद करायची मला सवय आहे, अब्बासभाई. लोक म्हणतात, मास्तर स्वतःलासुद्धा सोडत नाही. खोटं आहे. जिथे सोडायला नको होतं नेमकं तिथे मी स्वतःला सोडलं. सगळ्या फजित्या सांगितल्या, एक सोडून.

तुम्हांला माती दिली तेव्हा तांडेल माझ्या शेजारी होता. त्यानं तीन मुठी टाकल्या, मी तीन टाकल्या. नारायणरावांच्या हातून तिसरी पडेना. परत येताना तांडेल म्हणाला, "आता गाठ कोनाची बगायची, मास्तर? मंडल सपला." मी तेव्हाही बोललो नाही. तुमच्यावरची माती ओली होती आणि मी तेव्हाही बोललो नाही.

निघताना सलीमनं दोन वस्तू दिल्या. एक तुमचा पत्र्याचा डबा, सुयांचा. दुसरी झेला. "अब्बांनी सकाळीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मास्तर आले की त्यांच्याकडे द्या. म्हणाले, मीच देतो, येऊ दे त्यांना." काठी, डबा आणि झेला घेऊन मी यष्टीत चढलो. कंडक्टर तोच. त्यानं तिकीट फाडलं, झेल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मिळाला काय मासा?" त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

घरी डबा उघडला. आत बारा पिसं होती, या देवदिवाळीसाठी बांधलेली. पांढरी पिसं, लाल रेशीम, पोटाला माझ्या बायकोच्या शालूची जर. बाराही गळांना वीतभर तंगूस आधीच लावलेली. मी चष्मा लावून वेढे मोजले. प्रत्येकाला पाच. मग एकेक गळ खुंटीला अडकवला आणि तंगूस हाताला गुंडाळून सगळ्या जोरानं ओढली. हाताला वळ उठले. एकही गाठ सुटली नाही. न दिसणाऱ्या डोळ्यांनी मारलेली एकही गाठ सुटली नाही, अब्बासभाई, आणि मी तिथेच खुंटीखाली बसलो.

बायको दारात आली. तिला मी सगळं सांगितलं. कुणालाही पहिल्यांदा. न्हाव्याची गोष्ट, तीन वेढे, सुकी खेचलेली तंगूस, तुमचं "माझीच". या वेळी मासा वाढवला नाही. ती उभ्या उभ्या ऐकत होती. तिच्या हातात ब्लाउजचं कापड होतं. दिवाळीच्या आधी तुमच्या दुकानात सलीमकडे द्यायचं म्हणून काढून ठेवलेलं आणि माझ्या आळसामुळे तसंच राहिलेलं. ते तिनं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं. आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

देवदिवाळी आली. उधाण आलं आणि ओसरलं. धक्क्यावर आपल्यापैकी कुणी गेलं नाही. पाणी आता निवळलं असेल, खारं झालं असेल, मासा बाहेर गेला असेल. मी अंगणात बसून हे तुम्हांला लिहीत होतो, सुरुवातीपासून, काठी खांद्यावर घेऊन आलो तिथपासून. भुकेनं की रागानं, तो वाद मी सोडून दिला आहे. तुमचंच खरं. पण राग न धरणाऱ्या माणसाचं काय, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.

इथवर लिहून झालं तेव्हा ती बाहेर आली. कोपऱ्यात उभा केलेला झेला तिनं हातात घेतला, जाळीत बोटं घालून पाहिली. एका बाजूनं जाळी उसवली होती.

"ही मी शिवून ठेवते," ती म्हणाली. "नारळी पौर्णिमेला तांडेलभाऊंना बोलवा, नारायणरावांना बोलवा. त्यांना आधी सगळं सांगायचं, गोष्ट न करता. आणि मग हा धरायचा. भाईंनी तुमचा एक हंगाम धरला. तुम्ही किती धरणार ते मी ठरवीन."